अंकलच्या वहीतल्या बार्बेक्यू रिब्ज, ठाण्याच्या गच्चीवर

कुक मंडळी कृती सांगतात तेव्हा बहुधा एखादा जिन्नस गाळून सांगतात. आमच्या केटरिंगच्या किचनमधले अंकल याला अपवाद होते. पोर्क रिब्जची त्यांची कृती ज्याने मागितली त्याला मिळाली, वजनमापांसकट. तरुणपणी बोटीवर नोकरीला असताना ती त्यांनी उचलली आणि ठाण्यात स्थिरावल्यावर इथल्या मांसाशी, कोळशाशी, हवेशी जुळवून घेत वहीत खाडाखोड करत राहिले. अंकल आता नाहीत. वहीच्या त्या पानाची झेरॉक्स मात्र फिरते आहे आणि फिरता फिरता तिच्यात कोणी कुकरच्या शिट्ट्या घुसवल्या, कोणी आलं-लसणाची पेस्ट. म्हणून मूळ कृती, पार्टीची मापं घरच्या दीड किलोवर आणून, इथे नीट लिहून काढतो. चार माणसांना पोटभर होते.

तिच्यात बदल करायला भरपूर वाव आहे. दोन गोष्टींना मात्र हात लावायचा नाही: आच मंद आणि सॉस शेवटी. रिब्ज बिघडतात त्या बहुतेक याच दोनांपैकी एका कारणाने.

मांस आणताना

अमेरिकेत, म्हणजे जिथला हा पदार्थ, तिथे रिब्ज मुख्यतः दोन प्रकारच्या मिळतात. कण्यालगतच्या त्या बेबी बॅक: आखूड, वाकड्या, कमी चरबीच्या. त्यांच्या खालच्या, पोटाकडच्या त्या स्पेअर रिब्ज: लांब, सपाट, चरबीदार. अंकलची पसंती दुसऱ्यांना, आणि माझीही. चरबी असल्यामुळे त्या तासन्‌तास आचेवर राहूनही कोरड्या पडत नाहीत.

आपल्याकडे ख्रिस्ती वस्तीलगतच्या पोर्कच्या दुकानात किंवा कोल्ड स्टोरेजमध्ये चौकशी करावी. दुकानात गेल्या गेल्या सांगायचं, 'अख्खा पट्टा पाहिजे, तुकडे करू नका, कातडं काढून द्या.' हे आधी सांगितलं नाही तर दुकानदाराचा सुरा सवयीने चालतो आणि विंदालूचे तुकडे हातात पडतात. पट्टा उलटून बघा. मांसाच्या बाजूने हाडं उघडी दिसत असतील तर तो नको. तिथलं मांस फार खोलवर तासलं गेलेलं असतं. फ्रोझन आणला तर आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. ओट्यावर ठेवून वितळवणं आपल्या हवेत धोक्याचं: आत बर्फ असतो तोवर बाहेरचं मांस खराब व्हायला लागलेलं असतं.

पापुद्रा

हाडांच्या बाजूला एक पातळ, चकाकणारा पापुद्रा असतो. तो शिजून मऊ होत नाही, मसाला आत जाऊ देत नाही आणि खाताना रबरासारखा दाताखाली येतो. तो काढायचाच. चमच्याचा दांडा टोकाकडून दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाडावर, पापुद्र्याच्या खाली, हलकेच सरकवा. सुरी नको, ती पापुद्रा फाडते. थोडा सुटला की बोट आत घाला आणि कोपरा उचला. नुसत्या बोटांतून तो निसटतो, म्हणून कागदी नॅपकिनने घट्ट पकडा आणि पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने सलग, न थांबता ओढा. नशीब असेल तर एका दमात सगळा येतो. मध्येच तुटला तर तुटल्या जागी पुन्हा दांडा घाला. चरबीचे जाड गोळे आणि लोंबणारे तुकडे कापून टाका. ते आधी करपतात.

कोरडा मसाला

गूळ पावडर चार मोठे चमचे, काश्मिरी किंवा ब्याडगी तिखट दोन मोठे चमचे, जाडसर मिरपूड एक मोठा चमचा, लसूण पावडर आणि कांदा पावडर प्रत्येकी एक मोठा चमचा, मोहरीची पूड आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड प्रत्येकी एक छोटा चमचा, मीठ १८ ते २० ग्रॅम. मूळ कृतीत ब्राउन शुगर आणि पापरिका होती. त्या जागी गूळ आणि ब्याडगी ही अंकलची खाडाखोड, आणि माझ्या मते चव त्याने सुधारली. लवंगी मिरची मात्र नको. इथे तिखटाकडून रंग हवा आहे, ठसका नव्हे. गरम मसालाही नको. तो घातला की धुराची चव मागे पडते, आणि चार तास आपण धुरासाठीच बसणार आहोत.

पट्टा कोरडा पुसा, मोहरीच्या पिवळ्या सॉसचा पातळ हात फिरवा म्हणजे मसाला धरून राहतो, आणि दोन्ही बाजूंनी मसाला दाबून लावा. झाकून रात्रभर फ्रिजमध्ये. घाई असेल तर निदान एक तास.

जागा आणि विस्तव

धूर होणार, तोही तासन्‌तास. सोसायटीच्या गच्चीवर करायचं असेल तर सेक्रेटरींना आधी विचारा, आणि वरच्या मजल्यावर कोणाला पोर्कचा वास नको असेल तर त्यांचाही विचार करा. काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत कोळसा कधीच पेटवू नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. येऊरला जाऊन जंगलात शेगडी मांडायची कल्पना दर हिवाळ्यात कोणाला तरी सुचते. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे विस्तव नाही म्हणजे नाही.

पावसाळ्यात या भानगडीत पडू नये. कोळसा दमट होतो, नुसता धुमसतो. डिसेंबर-जानेवारी उत्तम.

झाकणाचं कोणतंही बार्बेक्यू चालेल. झाकण मात्र हवंच. उघड्या शेगडीवर रिब्ज भाजल्या जातात, बार्बेक्यू होत नाहीत. लाकडी कोळसा वेगळा पेटवून, वर पांढरी राख धरली की मगच बार्बेक्यूत टाका. रॉकेल ओतून पेटवू नका, त्याचा वास शेवटपर्यंत मांसात राहतो. निखारे सगळे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला खाली पाण्याचा ट्रे, त्याच्या वर जाळी, जाळीवर पट्टा, हाडं खाली. म्हणजे मांसाच्या थेट खाली विस्तव कुठेच नाही. झाकणाचं भोक मांसाच्या बाजूला फिरवा, तरच धूर मांसावरून जाईल.

जाळीजवळचं तापमान ११० ते १२० अंश सेल्सिअस. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर जाळीवर ठेवा. खालची हवेची खिडकी उघडली की आच वाढते, मिटली की उतरते. झाकणाचं भोक पूर्ण कधीच बंद करायचं नाही. आपला कोळसा ओबडधोबड असतो आणि पटकन संपतो, म्हणून तासाभराच्या आत पाच-सहा तुकडे घालावे लागतात. तेही बाहेर पेटवून घेतलेले.

धुरासाठी आंबा, पेरू किंवा चिकूचं नीट वाळलेलं लाकूड, मुठीएवढे दोन-तीन तुकडे. अमेरिकेत हिकरी किंवा सफरचंदाचं लाकूड वापरतात. आंब्याचं मिळत असताना त्यांच्यासाठी जीव टाकायचं कारण नाही. प्लायवूड, रंगवलेलं फर्निचर, पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन हे काहीही नको. धूर पातळ, निळसर असावा. दाट पांढरा धूर लोटायला लागला तर लाकूड नीट जळत नाहीये, आणि तो कडवटपणा मांसावर बसतो. अशा वेळी मांस ठेवू नका, थांबा. झाकण थोडं उघडून हवा मिळू द्या.

वेळ

मूळ कृतीत ३-२-१ असं लिहिलं आहे. अमेरिकेत हा हिशेब सर्रास चालतो: तीन तास उघडं धुरात, दोन तास फॉइलमध्ये, एक तास पुन्हा उघडं. तो त्यांच्या जाडजूड स्पेअर रिब्जचा. इथे मिळणारे पट्टे बरेचदा पातळ असतात. वहीत त्या आकड्यांवर काट मारून अंकलनी २, दीड, अर्धा असं केलं आहे, आणि खाली हिरव्या पेनाने: 'घड्याळ बघ, पण हात लावून बघ.'

पहिले दोन तास झाकण उघडायचा मोह आवरा. दर खेपेला आच उतरते. पहिल्या तासानंतर अर्ध्या-पाऊण तासाने एकदा, सफरचंदाचा रस आणि व्हिनेगर समप्रमाणात घेऊन स्प्रेने फवारा. रंग गडद तांबूस झाला, बोटाने घासल्यावर मसाला सुटत नसला की फॉइलची वेळ झाली.

फॉइल का? मांसातली ओल पृष्ठभागावरून उडत राहते आणि माठातलं पाणी ज्या कारणाने गार राहतं त्याच कारणाने मांसही तापायचं थांबतं. फॉइलमध्ये ओल कोंडली जाते आणि तापमान पुन्हा चढू लागतं. चिवट स्नायूबंधातलं कोलॅजन वितळून त्याचं जिलेटिन होतं ते साधारण ७० अंशांच्या वर, आणि तेही सावकाश. रिब्जचा मऊपणा म्हणजे हे जिलेटिन. मोठ्या आचेवर वेळ वाचतो, पण कोलॅजन वितळायच्या आधीच मांसातलं पाणी निघून जातं.

दुहेरी फॉइलवर दोन चमचे लोणी आणि दोन चमचे काकवी पसरा, त्यावर पट्टा मांसाची बाजू खाली करून ठेवा (हाडं खाली ठेवली तर टोकं फॉइल फाडतात), तीन-चार चमचे सफरचंदाचा रस ओता, आणि घट्ट बांधा. दीड तास त्याच आचेवर. आता धुराचा प्रश्न नाही, त्यामुळे हा टप्पा घरातल्या ओव्हनमध्ये १२० अंशांवर केला तरी काही फरक पडत नाही. कोळसा वाचतो.

उघडून बघा. हाडांच्या टोकांवरून मांस बोटाच्या पेराच्या निम्मं तरी मागे सरकलेलं असावं. चिमट्याने पट्टा एका बाजूने धरून उचला: तो सहज वाकला आणि वरच्या पापडीला तडा गेला म्हणजे झालं. थर्मामीटर असेल तर हाडाला न टेकवता मांसात ९० ते ९५ अंश. डुकराचं मांस कच्चं राहिल्याने जंत होतात ही भीती खरी आहे, पण या तापमानाला तिला जागाच नाही.

मांस हाडावरून आपसूक गळून पडलं की लोक वाहवा करतात. अमेरिकेतल्या बार्बेक्यू स्पर्धांचे परीक्षक त्यालाच जास्त शिजलेलं म्हणतात. चावा घेतल्यावर तेवढाच घास सुटून यावा आणि बाकीचं हाडाला राहावं, हे खरं.

सॉस

एक वाटी टोमॅटो केचप, पाव वाटी व्हिनेगर, दोन मोठे चमचे काकवी, एक मोठा चमचा पिवळं मस्टर्ड, एक मोठा चमचा वूस्टरशायर सॉस, अर्धा चमचा तिखट, अर्धा चमचा मिरपूड, शेवटी थोडं लोणी. मंद गॅसवर पंधरा-वीस मिनिटं, चमच्याच्या पाठीला धरेल इतका दाट होईपर्यंत. अमेरिकन कृतीतल्या मोलॅसिसचं काम काकवी चोख करते. आपला केचप मुळात गोड असतो, म्हणून साखर वरून घालायची नाही. वूस्टरशायर नसेल तर चिंचेचा दाट कोळ आणि चिमूटभर जास्त मीठ. त्या सॉसमध्ये नाहीतरी चिंच असतेच.

फॉइलमधून काढलेला पट्टा परत जाळीवर, हाडं खाली, आणि ब्रशने सॉसचा पातळ हात. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा हात. एकूण अर्धा तास. सॉसमध्ये साखर आहे, ती आधी लावली की काळी होते आणि कडू लागते, मांस आत कितीही चांगलं शिजलेलं असो. हॉटेलात काळीकुट्ट चकचकीत रिब्ज ताटात येतात, त्यातल्या बऱ्याच या घाईच्या असतात.

काढल्यावर दहा मिनिटं तशाच राहू द्या. मग हाडं वर करून दोन हाडांच्या मधून कापा. हाडांची बाजू वर असली की सुरी कुठे घालायची ते दिसतं.

बार्बेक्यू नसेल तर

ओटीजीत होतात, फक्त धूर मिळत नाही. पट्टा मधोमध कापून दोन तुकडे करा, १२० अंशांवर आधी दीड तास उघडे, मग दीड तास फॉइलमध्ये, मग सॉस लावून वरचा रॉड सुरू करून पाच मिनिटं, तिथून न हलता. धुरासाठी फॉइलचा टप्पा संपल्यावर मोठ्या पातेल्यात धुंगार द्या: पेटता कोळसा वाटीत, त्यावर तुपाऐवजी पोर्कच्याच चरबीचा तुकडा, झाकण लावून पाच मिनिटं. तुपाने मुर्ग मखनीचा वास येतो.

आणि कुकर? दोन शिट्ट्यांत मऊ होतात, नाकारत नाही. पण चव पाण्यात उतरते. ज्यांना तसंच करायचं आहे त्यांनी ते पाणी फेकू नये, त्याचं सूप करावं. ते रिब्जपेक्षा चांगलं होईल.

सोबत

कडक पाव, नाहीतर बेकरीतला ताजा लादी पाव. बारीक चिरलेली कोबी आणि गाजर, त्यावर व्हिनेगर, मीठ, मिरपूड. मेयोनीज नको, चरबी आधीच पुरेशी आहे. भाजलेला मका असेल तर त्यालाही उरलेला सॉस लावा.

उरल्या तर फॉइलमध्ये, चमचाभर पाणी शिंपडून, १२० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये मांस चिवट होतं. मांस सोडवून उभा चिरलेला कांदा आणि थोड्या सॉसबरोबर तव्यावर परतून पावात भरलं तर सकाळची न्याहारी होते. कच्च्या मांसाला लागलेला ब्रश सॉसच्या बाटलीत बुडवला नसेल तर उरलेला सॉस फ्रिजमध्ये आठवडाभर सहज टिकतो.