महाबळेश्वर-पाचगणीला कुत्र्यासह मुक्काम कसा करावा

‘पेट फ्रेंडली’ म्हणवणाऱ्या बंगल्यात कुत्रा खोलीत झोपणार की मागच्या शेडमध्ये, हे आधी विचारावं लागतं. सोबत कुत्र्याचे जादा पैसे किती आणि मालकाचा कुत्रा आवारात मोकळा असतो का, हेही विचारा. कंपाउंडचा व्हिडिओ मागवून फाटकाखालची फट बघा. बीगलसारखा लहान कुत्रा तेवढ्यातून सहज निसटतो. उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. फोनवर ‘चालतंय की’ म्हणणारा केअरटेकर तुम्ही पोहोचाल तेव्हा असेलच असं नाही.

रेबीजची लस चालू असल्याची नोंद सोबत ठेवा. पावसाळ्यात जाणार असाल तर लेप्टोस्पायरोसिसच्या (उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या आजाराच्या) लसीचं डॉक्टरांशी निदान महिनाभर आधी बोला. गोचिडांसाठी मानेवर फिप्रोनिलचे थेंब टाकणार असाल तर त्याआधी आणि नंतर 48 तास अंघोळ नको. हे औषध कातडीच्या तेलातून अंगभर पसरतं आणि शाम्पूने ते तेलच निघून जातं.

वाई सोडली की पसरणी घाटाची वळणं लागतात. निघण्याआधी 3-4 तास खाणं बंद, पाणी घोटघोट. वाईत दहा मिनिटं फिरवून घ्या. सीटबेल्ट छातीच्या हार्नेसला अडकवा. गळपट्ट्याला अडकवला तर करकचून ब्रेक लागल्यावर मानेला हिसका बसतो. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारूनच.

खोलीत आधी पट्ट्यावरच एक फेरी मारा आणि घरची न धुतलेली चादर अंथरा. ओळखीचा वास आला की भुंकणं कमी होतं.

रात्रीची गोष्ट मात्र गंभीर आहे. या जंगलात बिबटे आहेत आणि कुत्रा हे त्यांचं सोपं भक्ष्य. त्यामुळे व्हरांड्यात बांधून ठेवणं नाहीच, कंपाउंड कितीही उंच असो. शेवटची शू अंधार पडायच्या आत उरका. रात्री न्यावंच लागलं तर बाहेरचे दिवे लावून, दीड मीटरच्या पट्ट्यावर, दारापासून चार पावलांत. लांबत जाणारा दोरीचा पट्टा इथे कामाचा नाही. पाचगणीच्या टेबल लँड पठारावर तर घोडे दिसताच कुत्रा धावतो, तो पट्टा भसकन सुटतो आणि कडा जवळच असतो. माकडांमागेही सोडू नका, ती उलटून चावतात. चॉकलेट फज कुत्र्यापासून दूर ठेवा. चॉकलेट त्याला विषारी असतं.

परतताना कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल ओतू नका, आगपेटीची काडीही लावू नका.