7.3 लिटर आयडीआय ट्रकला टर्बोचार्जर बसवताना

फोर्डच्या एफ-250 आणि एफ-350 पिकअप ट्रकांमध्ये 1988 ते 1994 या काळात नॅव्हिस्टारने बनवलेले 7.3 लिटरचे व्ही-8 आयडीआय (इनडायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन मिळत असे. डिझेल थेट सिलिंडरमध्ये न फवारता हेडमधल्या लहान कक्षात फवारले जात असल्यामुळे त्याचा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचे प्रमाण) तब्बल 21.5:1 ठेवलेला आहे. टर्बोचार्जर एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबतो; त्या वाढीव दाबाला बूस्ट म्हणतात. 10 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) बूस्ट दिला, की इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला दाब वातावरणाच्या सुमारे 1.7 पट होतो आणि कॉम्प्रेशनच्या शेवटी सिलिंडरमध्ये तयार होणारा दाबही जवळपास त्याच प्रमाणात चढतो. त्याचा सगळा भार हेड गॅस्केटवर, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगवर येतो. म्हणून हेड धरून ठेवणाऱ्या मूळ बोल्टांवर 8 ते 10 पीएसआयच्या पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याआधीच्या 6.9 लिटर इंजिनाचे हेड बोल्ट अर्ध्या इंचाऐवजी 7/16 इंचाचे असल्याने तिथे तर अधिकच जपावे लागते.

टर्बो विकत घेण्याआधी ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होण्यासाठी कक्ष तापवणारे प्लग) काढून आठही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन तपासावे. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा बराच कमी दाखवत असेल, तर आधी इंजिनाचे काम करावे. कूलंटकडेही लक्ष द्यावे. 7.3 चा बोअर (सिलिंडरचा व्यास) 6.9 पेक्षा मोठा असल्याने सिलिंडरच्या भिंती पातळ आहेत, आणि कूलंटमध्ये संरक्षक रसायन (एससीए) नसेल, तर बारीक बुडबुड्यांच्या माऱ्याने त्या बाहेरून पोखरल्या जातात.

यानंतर पायरोमीटर (एक्झॉस्टचे तापमान दाखवणारा मापक) आणि बूस्ट गेज बसवावेत; टर्बो त्यानंतर. पायरोमीटरचा प्रोब टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्येच असावा, कारण टर्बोनंतर धूर बराच थंड झालेला असतो आणि तिथला आकडा फसवतो.

प्रत्यक्ष जोडणीत बहुतेकांची चूक ऑइलच्या परतीच्या नळीत होते. टर्बोमधून बाहेर पडणारे ऑइल केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली जाते. त्यामुळे ही नळी जाड असावी, सतत उताराची असावी आणि तिला कुठेही खोलगट वळण नसावे, नाहीतर ऑइल तुंबून टर्बोच्या सीलमधून धुराड्यात उतरते. क्रँककेसची वाफ ओढणारा सीडीआर व्हॉल्व्ह मूळ इंजिनात इनटेक मॅनिफोल्डला जोडलेला असतो. तो तसाच ठेवला, तर बूस्टची हवा उलट क्रँककेसमध्ये शिरते. म्हणून त्याची नळी एअर फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या भागात न्यावी. टर्बोपासून मागे 3 इंची एक्झॉस्ट असावा. पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी टर्बोच्या ऑइलच्या तोंडात स्वच्छ ऑइल ओतून त्याची चकती हाताने फिरवून घ्यावी.

इंधन लगेच वाढवू नये. आहे त्याच इंधनावर काही दिवस गाडी चालवून गळती पाहावी, मगच इंधन पुरवणाऱ्या स्टॅनाडाइन डीबी-2 पंपाचा इंधनाचा स्क्रू एका वेळी षट्कोनाच्या एकाच बाजूएवढा फिरवावा आणि प्रत्येक वेळी भरल्या गाडीने लांब चढ चढून पायरोमीटर पाहावा. काटा 1250 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे 675 अंश सेल्सिअसच्या वर टिकून राहत असेल, तर स्क्रू मागे घ्यावा. पिस्टन त्या उष्णतेनेच जातात, आणि 1993-94 मधल्या कारखान्यातून टर्बोसह आलेल्या इंजिनांप्रमाणे टर्बोशिवाय आलेल्या आपल्या इंजिनातल्या पिस्टनच्या पिना जाड नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

चढ उतरून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता पायरोमीटरचा काटा 150 अंश सेल्सिअसच्या आसपास येईपर्यंत रिकामे चालू द्यावे, म्हणजे बेअरिंगमधले ऑइल जळत नाही.