लेक्सिंग्टन पाहावे ते घोड्यांच्या वेळेने

केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन हे शहर स्वतःला घोड्यांची जागतिक राजधानी म्हणवून घेते, आणि नेमकी तेथेच पर्यटकाची पहिली फसगत होते. केंटकी डर्बी ही घोड्यांची प्रसिद्ध शर्यत पाहायला मिळेल या समजुतीने तो मे महिन्याचा पहिला शनिवार गाठतो. पण डर्बी धावते ती लुईव्हिलला, पश्चिमेकडे सुमारे सव्वाशे किलोमीटरवर. त्या आठवड्यात गर्दी मात्र साऱ्या परिसरात असते. लेक्सिंग्टनच्या आसपास घोडा जन्मतो, वाढतो, लिलावात उभा राहतो आणि नशीबवान असेल तर इथल्याच कुरणात पुरला जातो. हा सारा क्रम पाहायचा असेल, तर आपल्या सवडीपेक्षा घोड्यांचे वेळापत्रक आधी पाहावे.

माझ्या मते एप्रिल हा सर्वांत चांगला महिना. शर्यतीसाठी वाढवलेल्या थरोब्रेड जातीच्या घोड्यांचा विणीचा हंगाम तेव्हा ऐन भरात असतो आणि लांबच लांब फळ्यांच्या कुंपणांआड घोडीच्या पोटाशी बिलगलेली लांब पायांची शिंगरे दिसतात. कीनलँड रेसकोर्सवरील वसंत ऋतूच्या शर्यतीही त्याच महिन्यात असतात. दुसरा हंगाम ऑक्टोबरमध्ये येतो. ज्याला शर्यतीपेक्षा व्यापारात रस आहे त्याने सप्टेंबर निवडावा, कारण तेव्हा कीनलँडला वर्षाच्या शिंगरांचा मोठा लिलाव भरतो आणि तो कोणालाही पाहता येतो. ज्याला ‘ब्लूग्रास’ म्हणतात ते गवत निळे नसून चांगले हिरवेगार असते, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. त्याखाली चुनखडकाचा थर आहे, आणि त्यामुळे पाण्यात व चाऱ्यात उतरणाऱ्या कॅल्शियमने घोड्यांची हाडे बळकट होतात, असे इथले घोडेपाळ सांगतात.

पहिल्या दिवशी उजाडता उजाडता कीनलँडला पोहोचावे. १९३६ साली पहिली शर्यत झालेल्या या रेसकोर्सवर सकाळचा सराव पाहायला तिकीट लागत नाही. कठड्याशी उभे राहिले की घोडा दिसण्याआधी त्याच्या टापांचा आवाज येतो. मग नाकपुड्यांतून वाफ सोडत, मान ताणलेले जनावर काही हातांवरून निघून जाते आणि मागे उरतो मातीचा उडालेला चुरा आणि ओल्या चामड्याचा वास. दुपारच्या शर्यतीत हे जवळून अनुभवायला मिळत नाही, कारण तेव्हा सगळ्यांचे लक्ष पैजेकडे असते. नंतर तबेल्यांजवळच्या ‘ट्रॅक किचन’मध्ये न्याहारी करावी, शेजारच्या टेबलावर प्रशिक्षक, जॉकी किंवा रात्रपाळी संपवून आलेला मोतद्दार बसलेला असण्याचा चांगलाच संभव असतो.

स्टड फार्म, म्हणजे घोड्यांची पैदास होते ती शेते, पाहायची तर आगाऊ नोंदणी अनिवार्य आहे. ती खासगी मालमत्ता आहे. फाटक उघडे दिसले म्हणून गाडी आत घालणे किंवा कुंपणावरून हात घालून घोड्याला गाजर भरवणे इथे मुळीच खपत नाही. पायांत बंद बूट घालावेत, घोड्याच्या मागे उभे राहू नये, आणि शिंगरू कितीही गोड दिसले तरी घोडीच्या व त्याच्या मध्ये जाऊ नये. मार्गदर्शकाला एक प्रश्न आवर्जून विचारावा: कृत्रिम रेतन का नाही? थरोब्रेडच्या नोंदणीसाठी प्रत्यक्ष संयोगच लागतो, त्यामुळे दूरदूरच्या घोड्या इथे आणाव्या लागतात आणि या शहराचा सारा व्यवसाय त्या एका नियमाभोवती फिरतो. वेळ असेल तर जवळच्याच पॅरिस गावातील क्लेबॉर्न फार्मची नोंदणी करावी. १९७३ साली बेलमाँट शर्यत ३१ घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतराने जिंकलेला सेक्रेटॅरिएट हा घोडा तेथे पुरलेला आहे. नामवंत घोड्यांचे फक्त डोके, हृदय आणि खूर पुरण्याची इथली जुनी रीत. सेक्रेटॅरिएट मात्र अखंड पुरला गेला.

शहराच्या उत्तरेचे केंटकी हॉर्स पार्क लहान मुले बरोबर असतील तर पूर्ण दिवस खाते. एरवी अर्धा दिवस पुरे. तेथील अश्वसंग्रहालय चांगलेच आहे, पण मॅन ओ’ वॉरच्या पुतळ्यापाशी जरा जास्त थांबावे. २१ पैकी २० शर्यती जिंकलेला हा घोडा पुतळ्याखालीच पुरलेला आहे आणि त्याच्या जवळ आयझॅक मर्फी या कृष्णवर्णीय जॉकीची समाधी आहे. मर्फीने १८८४, १८९० आणि १८९१ अशी तीन वेळा डर्बी जिंकली. १८९६ मध्ये तो लेक्सिंग्टनमध्येच वारला आणि पुढे त्याची कबर कुठे आहे हेही लोक विसरले. ती शोधून काढून नंतर त्याला इथे आणावे लागले.

विस्मृतीत गेलेल्या कृष्णवर्णीयांचा हा धागा धरूनच शहरात शिरावे, म्हणजे जुन्या हवेल्या नुसत्या देखण्या वाटणार नाहीत. मेन स्ट्रीटवरील अब्राहम लिंकन यांच्या पत्नी मेरी टॉड लिंकन यांचे माहेरघर आणि एकोणिसाव्या शतकातील राजकारणी हेन्री क्ले यांची ‘ॲशलँड’ ही वास्तू दोन्ही पाहण्यासारखी आहेत. पहिले हिवाळ्यात बंद असते. दोन्ही घरांत गुलाम राबत होते, आणि त्यांचा विषय मार्गदर्शकाने काढला नाही तर आपण काढावा. जुन्या कोर्टाच्या इमारतीशेजारचा चीपसाइडचा चौक म्हणजे एकेकाळची माणसांच्या, गुलामांच्या लिलावाची जागा. यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या, म्हणजे कॉन्फेडरेट, पुढाऱ्यांचे तेथील दोन पुतळे २०१७ मध्ये हलवण्यात आले आणि आता त्या जागेला हेन्री टँडी या कृष्णवर्णीय बांधकाम व्यावसायिकाचे नाव आहे. तेथून पूर्वेकडे ईस्ट एंड वस्तीत गेले की सेव्हन्थ स्ट्रीटवर ‘आफ्रिकन सेमेटरी नंबर २’ लागते. १८७५ ची पहिली डर्बी जिंकणारा जॉकी ऑलिव्हर लुईस येथे विसावला आहे. त्या शर्यतीतील १५ पैकी १३ जॉकी कृष्णवर्णीय होते. पर्यटक इथे फारसे फिरकत नाहीत. मला तर लेक्सिंग्टनमधले हेच ठिकाण अजिबात टाळू नये असे वाटते.

स्वतःची किंवा भाड्याची गाडी हवीच, कारण फार्म विखुरलेले आहेत. रस्ता विचारताना Versailles या गावाच्या नावाचा व्हर्साय असा फ्रेंच उच्चार केला तर समोरचा बुचकळ्यात पडेल. इथे ते गाव आणि तो रस्ता ‘व्हर्सेल्स’ आहे. याच व्हर्सेल्स रोडवर विमानतळ आहे आणि त्याच्या अगदी समोर कीनलँड. परतीच्या दिवशी दहा मिनिटे हाताशी ठेवून कीनलँडचे प्रवेशद्वार पाहावे. तेथे ‘के’ आणि ‘ए’ ही अक्षरे कोरलेले दगडी खांब आहेत. ते १९३३ मध्ये बंद पडलेल्या केंटकी असोसिएशनच्या रेसकोर्सवरून आणलेले आहेत, आणि तो रेसकोर्स होता ईस्ट एंडमध्ये, मर्फीच्या घराजवळ.