इंदूरात राहायचं, खायचं आणि पोटही सांभाळायचं

इंदूरात कुणाला "मला बाहेरचं सोसत नाही" असं सांगून बघा, समोरचा आधी दया आल्यासारखा बघतो आणि मग म्हणतो, अरे थोडं घे ना, काही नाही होत. सकाळी पोहे-जलेबी, दुपारी कचोरी, संध्याकाळी छप्पन दुकानांच्या खाऊबाजारात, रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत, आणि घरी सेवेचा डबा तर असतोच, वरणभातावर पण सेव टाकणारं गाव आहे हे. अशा गावात ज्यांचं पोट रोज फुगतं, दुखतं, कधी तीन-तीन दिवस साफ होत नाही आणि कधी एकाच सकाळी चार वेळा पळवतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मला स्वतःला आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे तपासणीत आतड्यात बिघाड दिसत नाही पण पोट दुखत-बिघडत राहतं असा त्रास) आहे, निदान होऊन बरीच वर्षं झाली, आणि रामबाग ते सुदामा नगर ओळखीत ज्याला ज्याला हा त्रास आहे त्याला तोंडी सांगून झालंय, म्हणून आता एकदा नीट लिहून ठेवते. माझं म्हणणं एकच आहे, ऐकीव गोष्टींवरून पदार्थ सोडत बसू नका. आपल्या पोटाला नेमकं काय आणि किती चालत नाही ते शोधून काढा, मग बाकीचं सगळं मोकळेपणाने खाता येतं.

सगळ्यात आधी डॉक्टर, हे प्लीज टाळू नका. शौचातून रक्त जातंय किंवा शौच काळं चिकट होतंय, काही न करता वजन उतरतंय, हिमोग्लोबिन कमी आलंय, रात्री झोपेतून पोट उठवतंय, ताप येतोय, गिळायला अडकतंय, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला आहे, किंवा पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच हे सगळं सुरू झालंय, यातलं एक जरी असेल तर पुढचं वाचायचं नंतर, आधी पोटविकार तज्ज्ञाला दाखवायचं. आयबीएस म्हणायला डॉक्टर साधारण हे बघतात की गेले ३ महिने आठवड्यातून निदान १ दिवस तरी पोट दुखतंय का, त्या दुखण्याचा शौचाशी संबंध आहे का, म्हणजे जाऊन आल्यावर फरक पडतो का, किती वेळा जावं लागतं आणि कसं होतं हे बदललंय का, आणि हे सुरू होऊन ६ महिने तरी झालेत का. सोबत रक्ताच्या साध्या तपासण्या, थायरॉइड, आणि जुलाब असतील तर शौचाची कॅलप्रोटेक्टिन नावाची टेस्ट, तिच्यावरून आतड्याला सूज आहे की नाही याचा अंदाज येतो.

आणि एक गोष्ट अगदी ठळक लक्षात ठेवा. गव्हाचा सिलिअक आजार, म्हणजे गहू खाल्ला की शरीर स्वतःच्याच आतड्याला इजा करतं तो, आहे का हे बघायला टीटीजी नावाची रक्ताची टेस्ट असते, ती करायच्या आधी गहू बंद करू नका. आजकाल कुणीही सांगतं ग्लूटेन (गव्हातलं एक प्रथिन) सोड, माणूस दोन महिने पोळी सोडतो, थोडं बरं वाटतं, मग टेस्ट करतो आणि ती आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते, कारण गहू पोटात जात नसेल तर टेस्ट जे शोधते ते रक्तात कमी होत जातं. सिलिअकवाल्याला आयुष्यभर गव्हाचा कण पण चालत नाही, आयबीएसवाल्याला एखादी पोळी आरामात चालू शकते, फरक इतका मोठा आहे. म्हणून आधी टेस्ट, मग प्रयोग.

आता पोट फुगतं का ते समजून घ्या, कारण हे कळलं की अर्धी भीती जाते. काही प्रकारच्या साखरा आणि कर्बोदकं अशी असतात की लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत, ती तिथे पाणी ओढून घेतात आणि पुढे मोठ्या आतड्यात गेली की तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि गॅस तयार होतो. हे सगळ्यांच्याच पोटात होतं, पण आयबीएसवाल्यांच्या आतड्याच्या नसा जास्त संवेदनशील असतात, तेवढ्याच गॅसने दुसऱ्याला काही कळत नाही आणि आपण कळवळतो. या पदार्थांना मिळून फॉडमॅप म्हणतात, आणि ते कमी करून बघायची पद्धत मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या लोकांनी २००५ च्या सुमारास मांडली. आपल्या स्वयंपाकात यातले मोठे म्हणजे कांदा, लसूण, गहू, चणाडाळ-बेसन, राजमा-छोले, दूध, फ्लॉवर, सफरचंद, आंबा, मध. आणि शुगर-फ्री गोळ्या-च्युइंगगम, त्यातलं सॉर्बिटॉल पण याच पंगतीतलं.

यातून एक फार कामाची गोष्ट निघते. गॅस मोठ्या आतड्यात होतो आणि तिथे पोचायला अन्नाला काही तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सात वाजता पोट फुगलं तर दोष चार वाजताच्या चहा-बिस्किटाचा नसून दुपारच्या जेवणातल्या राजम्याचा किंवा कांद्याच्या रश्श्याचा असू शकतो. लोक नेहमी शेवटी खाल्लेल्या पदार्थाला धरतात आणि बिचारा निर्दोष पदार्थ बंद करून बसतात. म्हणून वही.

वही साधी शाळेची घ्या, मोबाइलमध्ये पण चालेल पण वहीत मागची पानं एकत्र दिसतात. काय खाल्लं, किती, किती वाजता, पोटात काय झालं आणि किती वाजता, शौच कसं झालं, झोप किती, त्या दिवशी काही टेन्शन होतं का, आणि बायकांनी पाळीची तारीख नक्की लिहावी कारण पाळीच्या आसपास बऱ्याच जणींचं पोट विनाकारण बिघडतं आणि आळ भाजीवर जातो. शौचासाठी ब्रिस्टल चार्ट म्हणून ७ प्रकारांचं चित्र नेटवर मिळतं, १ म्हणजे कडक खडे आणि ७ म्हणजे नुसतं पाणी, रोज फक्त आकडा लिहायचा, डॉक्टरांना पण त्याचा खूप उपयोग होतो. दोन आठवडे काहीही न बदलता नुसतं लिहा. "पोळी ३, बटाट्याची भाजी, कांदा कच्चा १ वाटी, ताक. साडेपाचला फुगलं. ऑफिसात वाद." अशी पानं साठली की तुम्हालाच दिसायला लागतं.

मग येतो वर सांगितलेले फॉडमॅपवाले पदार्थ काढून टाकायचा टप्पा, आणि हा २ ते ६ आठवड्यांचाच असतो, कायमचा नाही! हे मी पुन्हा पुन्हा सांगते कारण लोक इथेच अडकतात, बरं वाटलं की वर्षानुवर्षं तेच चार पदार्थ खात बसतात, मग पोषण कमी पडतं आणि पोटातले चांगले जिवाणूही उपाशी राहतात. गरोदर बाई, लहान मुलं, वजन आधीच कमी असलेले, डायबिटीसवाले, खाण्याबद्दल मनात खूप भीती बसलेले, यांनी हे डाएटिशियनशिवाय करूच नये. बाकीच्यांनी पण एकदा तरी दाखवलेलं चांगलंच.

आपल्या मराठी घरात हे जमतं, उलट इतरांपेक्षा सोपं जमतं. मऊ भात, मुगाच्या डाळीचं पातळ वरण, वर साजूक तूप आणि लिंबू, तुपात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, जवळजवळ नसतंच. ज्वारीची भाकरी, आपल्याकडे माळव्यात ज्वारी चांगली मिळते. दोडका, पडवळ, गाजर, वांगं, बटाटा, पालक या भाज्या. फळांत पपई, संत्रं, आणि केळं थोडं कडकसर, कारण केळं जास्त पिकलं की तेच पोटाला जड होतं. डाळी रात्री भिजवून पाणी फेकायचं, मग नव्या पाण्यात शिजवायच्या, गॅस करणारा भाग पाण्यात उतरतो.

कांदा-लसणाशिवाय चव कशी येणार हा सगळ्यांचा पहिला प्रश्न, तर त्याचं उत्तर फोडणीत आहे. लसणातला त्रासदायक भाग पाण्यात विरघळतो पण तेलात नाही. कढईत तेल किंवा तूप तापवा, सोललेल्या अख्ख्या पाकळ्या टाका, मंद आचेवर सोनेरी होऊ द्या, वास घरभर सुटेल, मग झाऱ्याने एक न एक पाकळी काढून टाका आणि त्याच तेलात जिरं-मोहरी-हिंग घालून भाजी करा. चव लसणाची, त्रास नाही. फक्त हे तेल त्याच वेळी वापरून टाकायचं, बाटलीत भरून ओट्यावर ठेवायचं नाही, त्यात विषारी जंतू वाढू शकतात. आणि पाकळ्या रश्श्यात टाकून मागून काढल्या तर उपयोग नाही, रश्श्यात पाणी असतं. कांद्याच्या जागी पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात घ्या, पांढरा भाग दुसऱ्यांच्या भाजीत जाऊ दे. पोह्यात ही हिरवी पात इतकी छान लागते की घरात बाकीचे पण मागतात. हिंग आणताना सिलिअकवाल्यांनी पाकीट वाचायचं, बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.

आता परत आणायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. एका वेळी एकच गट. गव्हाचं बघायचं असेल तर बाकी सगळं तसंच ठेवून पहिल्या दिवशी एक पोळी, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, मग दोन-तीन दिवस परत साधं आणि वहीत लिहायचं. मग दूध, आधी अर्धा कप मग वाढवत. दूध नाही सोसलं तरी घट्ट विरजलेलं दही बऱ्याच जणांना सोसतं कारण विरजणातले जिवाणू लॅक्टोज थोडं खाऊन टाकतात. मग आंबा, मग बेसन, मग कांदा. बहुतेकांना असं कळतं की सगळे गट वाईट नाहीत, एक-दोनच आहेत, आणि तेही ठराविक मापाच्या वर गेल्यावरच.

पुरणपोळीचंच बघा. महालक्ष्म्यांच्या जेवणाला नाही म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. त्यात चणाडाळ आणि गहू दोन्ही आलं, पण डाळ शिजवून पाणी काढून टाकलेलं असतं, त्यामुळे पुरण वाटतं तितकं वाईट नाही. ते पाणी जातं कुठे, तर कटाच्या आमटीत! गॅस करणारा बराच भाग तिथे उतरलेला. म्हणून एक पोळी भरपूर तुपाशी घ्या, आमटी सोडा, त्या दिवशी बाकी जेवणात भात-भाजी साधी ठेवा. काकूंनी आग्रह केला तर "काकू, आमटी डब्यात द्या, घरी सगळ्यांना आवडते" म्हणायचं, त्यांनाही बरं वाटतं.

बाहेरचं खाणं. पोहे मुळात तांदळाचे, वाफेवर ठेवलेले, पोटाला हलके, त्रास असतो तो वरच्या कच्च्या कांद्याचा आणि मूठभर सेवेचा, म्हणून ठेल्यावर "भैया प्याज मत डालना, सेव कम" एवढं सांगायचं, कुणी काही म्हणत नाही. जीरावन, तो पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला, चिमूटभर चालतं. जलेबी एखादी, रिकाम्या पोटी नाही. सराफा हे अवघड प्रकरण आहे कारण तो खरा रंगतोच रात्री नऊ-दहानंतर, आणि तळलेलं पोटातून सावकाश सरकतं, त्यावर लगेच आडवं झालं की अॅसिड वर येतं. मी सांगते ते असं की घरी जेवून जायचं नाही, उघडताउघडता जायचं, एक पदार्थ ठरवून जायचा आणि बाकी मंडळींच्या प्लेटमधून एकेक घास. थंडीत गराडू (तळलेला कंद) असेल तर गराडूच, मग त्या दिवशी भुट्ट्याचं कीस नाही. इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे, आटवलेलं दूध असतं ते, लॅक्टोजवाल्यांनी दोन घोटांवर थांबावं. घरी आल्यावर झोपायच्या आधी २-३ तास जायला हवेत, छातीत जळजळ होणाऱ्यांनी पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी उंच करून डाव्या कुशीवर झोपावं, नुसत्या दोन उशा घेतल्याने मान तेवढी दुखते.

बाकी पटपट सांगते. सकाळी काही खाल्लं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं, म्हणून नाश्ता टाळू नका आणि नंतर अर्धा तास शांत मिळेल असं उठा, घाईत दाबून ऑफिसला पळायची सवय बद्धकोष्ठ वाढवते. इसबगोल चांगलं, आपल्या नीमच मंडीतूनच किती जातं, पण एक छोटा चमचा घेऊन सुरुवात करा, मोठा ग्लास पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, कोरडं कधीच नाही, आणि इतर गोळी आणि इसबगोल यात निदान दोन तासांचं अंतर ठेवा, थायरॉइडची गोळी असेल तर चार तासांचं. गव्हाचा कोंडा मात्र आयबीएसमध्ये बऱ्याच जणांना उलटा त्रास देतो. एकादशीला तळलेला वडा आणि साबुदाण्याची ताटभर खिचडी खाऊन पोट आराम करतंय असं समजू नका.

आणि सकाळी उठून रिकाम्या पोटी अॅसिडिटीची गोळी, ही जी घराघरात वर्षानुवर्षं चालते, ती डॉक्टरांना विचारून ठराविक काळच घ्यायची असते, लांबल्यावर बी१२ कमी पडू शकतं. तुमच्या घरी कुणी असं घेत असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती स्ट्रिप आणि वही दोन्ही सोबत न्या, आणि विचारा की ही अजून किती दिवस, आणि बंद करायची तर एकदम की हळूहळू, कारण एकदम बंद केल्यावर काही दिवस जळजळ उलट वाढते आणि माणूस घाबरून परत सुरू करतो.