ओपनबीएसडी लावताय? मग या चुका टाळा

ओपनबीएसडी म्हणजे सुरक्षेवर भर देणारी ऑपरेटिंग सिस्टिम. सगळ्यात महागडी चूक आधी. पीएफ हा ओपनबीएसडीचा स्वतःचा फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून काय आत-बाहेर जाऊ द्यायचं ते ठरवणारा पहारेकरी; २००१ साली आवृत्ती ३.० मध्ये आला. तो नियम वरून खाली वाचतो अन् जुळलेल्यांपैकी शेवटचा पाळतो. 'क्विक' लिहिलं असेल तरच तिथं थांबतो. नवी पोट्टी उलटं धरून चालतात: पहिला जुळला की संपलं.

हिंगणघाटकडच्या एका कापूस जिनिंगमधला ओपनबीएसडीचा कॉम्प्युटर सांभाळायला आमच्याकडं होता. हाताखालच्या पोट्ट्यानं वर्ध्यात बसून नियम बदलले. एसएसएचला (दुरून लॉगिन करायची सोय) वाट देणारी ओळ वर, सगळं अडवणारी 'ब्लॉक'ची ओळ सगळ्यात खाली. फाइल लोड केली, टर्मिनल चालूच. "पाहा न दादा, काहीच बंद नाही झालं!" कसं होईल? पीएफ चालू जोडण्या लक्षात ठेवतो, नियम बदलले म्हणून त्या तोडत नाही. गडी खुशीत लॉगआउट झाला, अन् दार बंद. ऐन सीझन, काट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग, बिल निघेना. मी गाडीला किक मारली. तिथं जाऊन काम काय, तर एक ओळ खालून वर नेली.

तेव्हापासून माझी सवय: नवे नियम लोड करण्याआधी, ३०० सेकंदांनी जुनी फाइल परत चढवणारी कमांड मागे लावून ठेवायची. मग दुसऱ्या खिडकीतून नव्यानं लॉगिन. आत शिरलो, तरच ती मागे लावलेली कमांड रद्द करायची. नियम लोड न करता फाइल नुसती तपासणारं 'पीएफसीटीएल -एन' चालवलं म्हणून निश्चिंत होऊ नका. ते व्याकरण तपासते, अक्कल नाही.

दुसरी चूक घाईची. मेमरीचं पान एक तर लिहिता येईल, नाहीतर चालवता येईल, दोन्ही एकदम नाही, हे बंधन ओपनबीएसडीनं २००३ पासून घातलंय. क्रोमियम ब्राउझर, नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) यांना त्यातून सूट लागते अन् नेहमीच्या मांडणीत ती 'यूएसआर-लोकल' या पार्टिशनला (डिस्कच्या वेगळ्या भागाला) मिळते. इन्स्टॉलर हे सगळं स्वतः करतो, एंटर दाबायचं असते. पण आमचे घाईवाले एकच मोठं पार्टिशन करतात, ब्राउझर कोसळला की सिस्टिमला भंगार म्हणतात. मग कुठंतरी वाचून अख्ख्या रूटलाच, म्हणजे त्या एकाच मोठ्या पार्टिशनला, सूट देतात. कुलूप लावून किल्ली कडीला टांगली! पुन्हा इन्स्टॉल करा, अर्धा तास जाईल.

सातबारा डेस्कटॉपवर आहे, पण अपलोडच्या खिडकीत दिसत नाही? फाइलला ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) देत बसू नका. प्रोग्रामला कोणत्या फाइली दिसाव्यात ते ठरवणाऱ्या 'अनव्हेल'मुळं ब्राउझरला घरातलं डाउनलोड्स फोल्डर दिसते, बाकी जवळपास काही नाही. फाइल तिथं टाका.

'डूअस' (मालकाच्या अधिकारानं कमांड चालवायची सोय) पासवर्ड न विचारता चालावं म्हणून त्यात 'नोपास' लिहिणाऱ्यांशी मी बोलत नाही.

नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, दुरुस्त्या शेवटच्या दोनच आवृत्त्यांना मिळतात. "चालू आहे न भाऊ" म्हणून जुनी ठेवू नका.

अन् रेकॉर्डिंगमध्ये नुसती शांतता येत असेल, तर साउंड कार्ड आणायला नागपूरला निघू नका. २०१८ पासून माइक मुद्दाम बंदच ठेवलेला असतो. 'सिसकंट्रोल' (sysctl) कमांडनं 'कर्न.ऑडिओ.रेकॉर्ड' (kern.audio.record) ही सेटिंग १ करा.