कमी खर्चात किट कार बाळगताना

किट कार म्हणजे सुट्या भागांच्या संचातून, बहुधा घरच्या गॅरेजमध्ये, जोडून उभी केलेली मोटार. संच विकणारी कंपनी सांगाडा, फायबरची किंवा ॲल्युमिनियमची बॉडी आणि त्या मॉडेलपुरते लागणारे काही खास भाग देते. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, स्टिअरिंग या महागड्या गोष्टी बहुतेक वेळा एखाद्या जुन्या गाडीतून काढून घ्याव्या लागतात. या जुन्या गाडीला डोनर गाडी म्हणतात. या प्रकाराला ब्रिटनमध्ये जो बहर आला, त्यामागे तिथल्या करपद्धतीचा मोठा हात होता. 1973 पर्यंत तिथे तयार मोटारीवर खरेदी कर भरावा लागे, मात्र ग्राहकाने स्वतः जोडायच्या संचावर तो लागत नसे. त्यामुळे 1957 साली आलेली लोटस सेव्हन ही छोटी, उघडी, दोन आसनी गाडी अनेकांनी संचाच्या रूपातच घेतली. 1973 मध्ये व्हॅट आला आणि ही सवलत संपली. किट कार आपोआप स्वस्त पडते हा समज मात्र त्या करासोबत गेला नाही.

म्हणून पैशांचा हिशेब आधी मांडावा. जाहिरातीत छापलेली संचाची किंमत आणि रस्त्यावर धावणाऱ्या गाडीची किंमत यांत चाके, टायर, आसने, दिवे, रेडिएटर आणि त्याचे होज, ब्रेकच्या नळ्या, सायलेन्सर, वायरिंग, रंग, तपासणीचे शुल्क, नोंदणी आणि विमा एवढे सगळे दडलेले असते. डोनर गाडीतून काढलेले भागही आहेत तसे बसवता येत नाहीत. बेअरिंग, बुश, सील, क्लच प्लेट आणि ब्रेकचे रबरी भाग हाताशी आले आहेत तेव्हाच बदलणे शहाणपणाचे असते, कारण गाडी जोडून झाल्यावर त्याच कामासाठी ती पुन्हा अर्धी उघडावी लागते. नट-बोल्ट, क्लिपा, रिव्हेट यांसारख्या किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंची बेरीजही अंगावर येते. त्याखेरीज कोरडी, कुलूप लावता येईल अशी जागा आणि बरीचशी हत्यारे लागतात. ही जागा भाड्याने घ्यावी लागणार असेल, तर काम जितके लांबेल तितका खर्च वाढत जातो, आणि किट कारचे काम लांबतेच.

या सगळ्याचा विचार करता, हात आखडता असलेल्या माणसाने पहिली किट कार स्वतः जोडू नये, दुसऱ्याने नीट जोडलेली आणि रीतसर नोंदवलेली गाडी विकत घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जोडणाऱ्याच्या श्रमाला बाजारात क्वचितच मोल मिळते. त्याने सुट्या भागांवर जेवढे पैसे घातले तेवढेही विकताना बहुधा वसूल होत नाहीत. त्याला सोसावा लागणारा हा तोटा तुमच्या पदरात बचत म्हणून पडतो. गाडी जोडण्याचाच आनंद हवा असेल तर गोष्ट वेगळी, पण मग तो छंदाचा खर्च आहे हे मान्य करून त्यात उतरावे. अर्धवट सोडलेली गाडी सर्वांत स्वस्त मिळते आणि नवख्याने नेमकी तीच टाळावी. तिच्याबरोबर येणाऱ्या खोक्यांत काय आहे ते दिसते, काय नाही ते दिसत नाही. कोणता ब्रॅकेट कुठला, हे ज्याला ठाऊक होते तो माणूस तर कंटाळून बाजूला झालेला असतो.

कोणती गाडी घ्यावी हे ठरवताना तिच्या देखणेपणाआधी तिची डोनर गाडी पाहावी. जी मूळ गाडी लाखांच्या संख्येने बनली आणि विकली गेली, तिचे सुटे भाग वर्षानुवर्षे मिळत राहतात. माझदा एमएक्स-5 हे याचे चांगले उदाहरण आहे: 1989 पासून विकली जाणारी, पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना शक्ती देणारी ही गाडी 2016 पर्यंत दहा लाखांहून अधिक बनली होती, आणि म्हणूनच सेव्हनच्या धाटणीच्या अनेक किट कार तिच्या भागांवर उभ्या राहतात. फोक्सवॅगन बीटल तर 2003 पर्यंत दोन कोटींहून अधिक तयार झाली. तिची बॉडी उचलून वेगळी करता येते आणि खालचा तळ इंजिन-चाकांसह शिल्लक राहतो, म्हणून 1960 च्या दशकापासून त्या तळावर फायबरच्या बग्गी, म्हणजे वाळूवरही चालणाऱ्या हलक्या उघड्या गाड्यांच्या बॉडी, चढवल्या जात आहेत. बग्गी पाहताना एक गोष्ट विचारावी. मायर्स मँक्स या गाजलेल्या बग्गीसारख्या आखूड नमुन्यांत बीटलचा तळ मधून सुमारे 36 सेंटिमीटर कापून पुन्हा जोडलेला असतो, आणि त्या सांध्याचे वेल्डिंग कोणी, कसे केले आहे यावर गाडीची सगळी भिस्त असते. कोब्रा या 1960 च्या दशकातल्या ताकदवान स्पोर्ट्स कारसारख्या दिसणाऱ्या प्रतिकृती मनाला भुरळ घालतात, परंतु मोठे व्ही-8 इंजिन, रुंद टायर आणि इंधनाची भूक हे सारे बजेटच्या शत्रुपक्षात मोडते.

गाडी प्रत्यक्ष पाहण्यापूर्वी कागदपत्रे मागवावीत. नोंदणीपुस्तकात गाडीचे वर्णन किट कार म्हणून आहे की अजूनही डोनर गाडीचेच नाव आणि बॉडीचा प्रकार तिथे आहे, चेसिसवर ठोकलेला क्रमांक कागदावरील क्रमांकाशी जुळतो का, इंजिन बदलले असल्यास त्याची नोंद झाली आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. प्रत्येक देशाचे नियम निराळे असतात. ब्रिटनमध्ये नव्याने जोडलेल्या गाडीला आयव्हीए नावाच्या तपासणीतून जावे लागते आणि त्यात हात किंवा डोके आपटू शकेल अशा ठिकाणच्या कडा किमान 2.5 मिलिमीटर त्रिज्येने गोलावलेल्या आहेत की नाहीत इथपर्यंत पाहिले जाते. गाडीचे वय किंवा मूळ ओळख सिद्ध होत नसेल, तर तिला क्यू अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो. तुमच्या देशात घरी जोडलेल्या गाडीची नोंदणी होतच नसेल, तर कितीही स्वस्त मिळाली तरी ती खासगी आवाराबाहेर निघणार नाही, हे पैसे देण्याआधी कळलेले बरे. विम्याची चौकशीही याच टप्प्यावर करावी. नेहमीच्या पॉलिसीत अशी गाडी अनेकदा बसत नाही. गाडीचे मूल्य आधीच ठरवून घेतलेली आणि वर्षाला ठरावीक अंतराची मर्यादा असलेली पॉलिसी मिळाली, तर ती सहसा सोयीची ठरते.

आता प्रत्यक्ष पाहणी. पहिला प्रश्न विक्रेत्याला विचारावा तो जोडणीच्या काळातल्या छायाचित्रांचा आणि पावत्यांचा. ज्याने मन लावून गाडी जोडली त्याच्याकडे हे बाड असतेच, आणि ते दाखवताना तो थांबत नाही. नंतर गाडीखाली शिरावे, मात्र केवळ जॅकच्या भरवशावर नव्हे. स्टँड लावल्याशिवाय कोणत्याही गाडीखाली डोके घालू नये. सांगाडा चौकोनी पोकळ नळ्यांचा असेल तर सस्पेन्शनचे हात जिथे जोडले आहेत तिथले वेल्डिंग बॅटरीच्या उजेडात निरखावे, कारण सर्वाधिक ताण तिथे येतो आणि तडा गेला तर तिथूनच जातो. पावडर कोटिंग, म्हणजे भुकटी भाजून चढवलेला रंगाचा थर, वरून गुळगुळीत दिसते. पण एखाद्या ठिकाणी ते फुगले असेल तर खाली पाणी शिरून गंज धरलेला असतो. पोलादी नळ्यांवर ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने बसवलेले असल्यास रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसते का ते पाहावे. दोन भिन्न धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम असे झिजते. फायबरच्या बॉडीवर चांदणीच्या आकाराच्या बारीक भेगा बिजागऱ्यांपाशी सर्रास आढळतात. त्या वरच्या थरापुरत्या असतील तर दिसायला वाईट, एवढेच. दाबल्यावर भाग लवत असेल तर मात्र आतले तंतू तुटलेले असतात.

स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून चाक ब्रेकच्या रबरी नळीला घासत नाही ना, हे तपासावे. इंजिन चालू ठेवून रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होईपर्यंत उभे राहावे. त्याला वेळ लागतो आणि विक्रेता बोलण्यात गुंतवू पाहतो, तरी हलू नये, कारण छोट्या नाकाड्या गाड्यांमध्ये रेडिएटरला हवा कमी पडणे हे जुने दुखणे आहे. शेवटी गाडीत बसून पाहावे. सेव्हनसारख्या गाडीत पेडल इतकी जवळ असतात की जाड तळाच्या बुटाने ब्रेकसोबत ॲक्सिलरेटरही दाबला जातो, आणि उंच माणसाचे गुडघे स्टिअरिंगला लागतात. यावर नंतर सहज उपाय निघत नाही.

वायरिंगला वेगळा परिच्छेद द्यावा लागतो, कारण किट कार रस्त्यात बंद पडते ती बहुतेक वेळा इंजिनामुळे नाही, विजेमुळे. कारखान्यात बनलेल्या गाडीची बॉडी पोलादी असते आणि विजेच्या परतीचा मार्ग तीच पुरवते. फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला, हॉर्नला आणि पंपाला अर्थिंगची स्वतंत्र तार सांगाड्यापर्यंत किंवा बॅटरीपर्यंत न्यावी लागते. इंडिकेटर लावताच हेडलाइट मंदावणे किंवा ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा लुकलुकणे ही सदोष अर्थिंगची हमखास लक्षणे होत. दुरुस्ती स्वस्त असते: जोड सोडवावा, धातू लख्ख घासावा, घट्ट आवळावा आणि त्यावर ग्रीस लावावे. दोष शोधण्यात मात्र दिवस जातो, म्हणून सगळे दिवे एकाच वेळी लावून पाहण्याची चाचणी खरेदीपूर्वीच करावी.

गाडी घरी आली की लगेच लांबच्या सफरीला निघू नये. आधीच्या मालकाने सगळे व्यवस्थित आवळले असेल यावर विसंबण्यापेक्षा टॉर्क रेंच (ठरावीक जोरापर्यंतच आवळणारा पाना) घेऊन सस्पेन्शन, स्टिअरिंग, आसने, पट्टे आणि चाकांचे बोल्ट एकेक करून तपासावेत आणि तपासलेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाची एक रेघ नटापासून सांगाड्यापर्यंत ओढावी. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट ढिला झाला हे रेंच न लावताही कळते. दीडशे किलोमीटर चालवून हीच फेरी पुन्हा करावी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि अशा गाड्या महिनोन्महिने उभ्या असतात, म्हणून ते घेतल्याबरोबर आणि नंतर दर दोन वर्षांनी बदलावे.

टायरच्या बाबतीत दोन गैरसमज होतात. सेव्हनच्या धाटणीची गाडी साधारण 500 ते 700 किलो भरते, त्यामुळे डोनर गाडीच्या दरवाजावर लिहिलेला हवेचा दाब तिला जास्त होतो आणि गाडी रस्त्यावर उडत चालते; संच बनवणाऱ्याने सांगितलेला दाब वापरावा. शिवाय इतक्या हलक्या गाडीत टायरची नक्षी झिजण्याआधीच रबर म्हातारे होते. टायरच्या कडेवर कोरलेले शेवटचे चार आकडे पाहावेत: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी असली, तरी जुने, कडक झालेले रबर पावसात पकड देत नाही, आणि या गाड्यांमध्ये बहुधा एबीएसही (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसते. कित्येकींत ब्रेकला पायाचा जोर वाढवणाऱ्या सर्व्होचीही जोड नसल्याने पेडल पायाला जड लागते, तेव्हा रिकाम्या जागी थांबण्याचा सराव करून घ्यावा.

खरेदीच्या रकमेपैकी निदान पाचवा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवावा, असा माझा अंदाज आहे. टायर, बॅटरी आणि ब्रेक यांतच तो जातो. पहिल्याच आठवड्यात एक वही करावी आणि प्रत्येक भाग कोणत्या मूळ गाडीचा, कोणत्या वर्षाचा, हे तीत लिहावे. पुढचे बेअरिंग एका गाडीचे, ब्रेक कॅलिपर दुसरीचे आणि रेडिएटर तिसरीचा, अशी स्थिती किट कारमध्ये नेहमीची असते, आणि दुकानातला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो गाडीच्या मॉडेलचाच.