पेशी पडदा फोडून कशी घुसते, ते मोजताना

माझ्या आत्याला मिश्रीची सवय होती. तिच्या गालात आतून गाठ झाली, आणि पुढच्या मृगापर्यंत ती जबड्याच्या हाडात शिरली. शिरली म्हणजे नेमकं काय झालं, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. रत्नागिरीत आमच्या प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या मुलांना मी कर्करोगाच्या पेशीचं हे घुसणं मोजण्याचा प्रयोग करून दाखवते.

ताटाच्या खळग्यात बसणारं, वाटीसारखं छोटं इन्सर्ट, तळाला ८ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) छिद्रांचा पडदा. बॉयडेन या शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये अशी जोडकप्प्याची पद्धत मांडली, रक्तातल्या पांढऱ्या पेशींची चाल पाहायला. कर्करोगासाठी आपण त्या पडद्यावर मॅट्रिजेलचा पातळ थर देतो. उंदराच्या गाठीतून काढलेलं हे जेल लॅमिनिन आणि कोलेजन या प्रथिनांनी भरलेलं असतं. पेशीला ते पचवत वाट काढावी लागते.

सगळी मेहनत गारव्याची आहे. मॅट्रिजेल १० अंशांच्या वर गेलं की घट्ट व्हायला लागतं. आदल्या रात्री बर्फात ठेवूनच फ्रिजमध्ये वितळवा. पिपेटच्या टिपा, नळ्या, मीडिया (पेशी वाढवायचा द्रव), सगळं गार हवं. आमच्याकडे पावसात वीज गेली की बर्फ मिरकरवाड्याच्या बंदरावरून येतो. तो मासळीचा असतो, म्हणून नळीला पॅराफिल्म (मेणासारखी ताणणारी पट्टी) घट्ट गुंडाळा आणि हुडात, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटात, नेण्याआधी ७० टक्के अल्कोहोलने पुसा.

सीरम (रक्तातला, पेशींना पोसणारा द्रव) नसलेल्या मीडियात जेल पातळ करून प्रत्येक इन्सर्टमध्ये १०० मायक्रोलिटर सोडा, ३७ अंशांवर दोन तास ठेवा. टिप पडद्याला लावू नका, कडेने सोडा. एकदा आमच्या एका ताटातल्या पेशी भराभर खाली उतरल्या. आम्ही आठवडाभर हरखून होतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं, टिपेच्या टोकाने जेलला भोक पडलं होतं. ते ताट फेकून दिलं.

वर सीरमविना साधारण २५,००० पेशी, खाली पेशींना ओढायला १० टक्के सीरम, बुडबुडा अडकू न देता. बाजूला जेल न लावलेली तेवढीच इन्सर्ट हवीतच. पेशी नुसती चालली की घुसली, हे त्याशिवाय कळत नाही. तुलनेसाठी एमडीए-एमबी-२३१ आणि एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी सोबत लावा. पहिली घुसते, दुसरी फारशी नाही.

२४ तासांनी पडद्याची वरची बाजू ओल्या कापसाच्या काडीने पुसा, कडेपर्यंत, दोनदा. इथे घाई केली की न घुसलेल्या पेशीही मोजल्या जातात. मग पेशी पक्क्या करायला मिथेनॉल, रंगवायला क्रिस्टल व्हायोलेट, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाच ठिकाणी मोजणी. जेलमधून आलेल्या पेशी भागिले जेलविना आलेल्या, गुणिले १००, ही घुसण्याची टक्केवारी. पेशी झपाट्याने वाढणाऱ्या असतील तर २४ तासांपुढे जाऊ नका, नाहीतर वाढच मोजाल.

आषाढात पडदा लवकर वाळत नाही. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डब्यात रात्रभर ठेवा, मगच कापून काचपट्टीवर चढवा.